‘एक’ म्हणजे काय? ज्यू आणि ख्रिस्ती ईश्वरकल्पनेवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या एका लेखात ‘ज्यू आणि ख्रिस्ती हे दोघेही एकेश्वरवादी’ असं वाक्य येऊन गेलं. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून, नावं वगळून, उत्तरं देत आहोत. बायबलमधल्या पुस्तकांची नावं मराठी बायबलप्रमाणे आहेत. ज्यू आवृत्तीत वचनांचे क्रमांक काही ठिकाणी एखाद्या आकड्याने मागेपुढे होतात, हे ताडून पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न : ख्रिस्ती लोक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे मानतात. मग त्यांना एकेश्वरवादी कसं म्हणायचं?

मोजणीपासून सुरुवात केली की हा विषय पहिल्याच पायरीवर घसरतो. ‘देव किती?’ असं विचारलं तर ज्यू आणि ख्रिस्ती दोघांचंही उत्तर ‘एक’ असंच येतं. वाद त्याच्या पुढचा आहे. त्या एकाच्या आत काही भेद, काही नातं असू शकतं का? ख्रिस्ती म्हणतो, असू शकतं आणि आहे. ज्यू म्हणतो, तसं असेल तर ‘एक’ या शब्दाला अर्थच उरला नाही.

ख्रिस्ती मांडणी समजायची तर दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : ‘काय आहे?’ आणि ‘कोण आहे?’. पहिल्याचं उत्तर तत्त्व, ग्रीकमध्ये ऊसिया. ते एकच. दुसऱ्याचं उत्तर हायपोस्टॅसिस. ते तीन. ही विभागणी पक्की झाली ती चौथ्या शतकात, कॅपाडोशियातले बेसिल, निस्साचा ग्रेगरी आणि नाझियान्झसचा ग्रेगरी या तिघांच्या लेखनातून. त्याआधी इ. स. ३२५ मध्ये नायसिया इथल्या धर्मपरिषदेने पुत्र हा ‘पित्याशी एकतत्त्व’ असल्याचं ठरवलं होतं. अलेक्झांड्रियाचा आरियस पुत्राला सर्वश्रेष्ठ पण निर्माण केलेला मानत होता. ते मत तिथे नाकारलं गेलं. गंमत अशी, की ३२५ च्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, पवित्र आत्म्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे. पित्या-पुत्राबरोबर त्याचीही उपासना होते, हा विस्तार ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेचा मानला जातो.

हायपोस्टॅसिसला मराठीत ‘व्यक्ती’ म्हणतात आणि तिथेच निम्मा घोटाळा होतो. तीन व्यक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीन माणसं उभी राहतात : तीन मनं, तीन इच्छा. ख्रिस्ती शिकवणीत देवाची इच्छा एकच आहे. लॅटिन ‘पर्सोना’चा अर्थ मूळचा नाटकातला मुखवटा किंवा पात्र. तो धरला तर एकच नट तीन सोंगं घेतो असं वाटतं, आणि तेही चर्चने चूकच ठरवलं. ‘व्यक्ती’ हा शब्द वापरावा लागतो, पण त्याच्यावर भार टाकू नये.

कागदावर हे असं काढता येतं. एक त्रिकोण काढा. तीन कोपऱ्यांत पिता, पुत्र, पवित्र आत्मा लिहा आणि मध्यभागी देव. प्रत्येक कोपऱ्यातून मध्याकडे रेघ ओढून तिच्यावर ‘आहे’ लिहा. कोपऱ्या-कोपऱ्यांना जोडणाऱ्या तीन रेघांवर ‘नाही’ लिहा. पिता देव आहे. पिता पुत्र नाही. पुत्र आत्मा नाही. प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी वाचली की बारा विधानं होतात, सहा होकाराची आणि सहा नकाराची. मध्ययुगीन युरोपात ही आकृती ढालीसारखी रंगवत.

आता ज्यू आक्षेप त्याच आकृतीवर ठेवून पाहा. तिन्ही कोपरे मध्याशी समान असतील तर ते एकमेकांशीही समान असायला हवेत. मग कडेचे तीन ‘नाही’ खोटे. ख्रिस्ती उत्तर असं, की ‘आहे’ म्हणजे गणितातलं बरोबरचं चिन्ह नव्हे. तो शब्द तत्त्वाबद्दल बोलतो आणि ‘नाही’ व्यक्तीबद्दल. हे उत्तर पटलं तर त्रैक्य (एका देवात तीन व्यक्ती) सुसंगत वाटतं, नाही पटलं तर शब्दांचा खेळ वाटतो. दीड हजार वर्षांची वादावादी मुख्यतः या एका ‘आहे’वर चालली आहे.

प्रश्न : त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ यांचं उदाहरण देतात. ते बरोबर आहे का?

नाही. आणि चूक दाखवणारे पहिले लोक ख्रिस्तीच होते. तेच पाणी आधी बर्फ असतं, मग पाणी होतं, मग वाफ. म्हणजे एकाच देवाने पाळीपाळीने तीन रूपं घेतली असा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात हे मत सॅबेलियसच्या नावावर होतं आणि ते फेटाळलं गेलं. खटकणारी जागा साधी आहे : गेथशेमाने बागेत येशू पित्याची प्रार्थना करतो. रूपं बदलणारा एकच असेल तर तो बोलत कुणाशी होता?

अंड्याचं उदाहरण दुसऱ्या बाजूला पडतं. टरफल म्हणजे अख्खं अंडं नव्हे, बलकही नव्हे. त्रैक्यात मात्र प्रत्येक व्यक्ती पूर्ण देव आहे, एक तृतीयांश नाही. एका घरातले तीन भाऊ म्हटलं की सरळ तीन देव झाले. सूर्य आणि किरण त्यातल्या त्यात बरं. ‘प्रकाशापासून प्रकाश’ हे शब्द नायसियाच्या विश्वासांगीकारातच आहेत. पण किरण सूर्याहून कमी मानला की आपण आरियसच्या अंगणात पोचतो. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने मनातली स्मृती, आकलन आणि इच्छा यांचा दाखला घेतला आणि तो कुठे तोकडा पडतो हेही स्वतःच लिहून ठेवलं. तेवढा प्रामाणिकपणा बर्फवाल्यांनी दाखवला तरी पुरे.

ज्यू बाजूने या उदाहरणांची सगळ्यात नेमकी चिरफाड १२६३ मध्ये बार्सिलोनात झाली. आरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यापुढे रब्बी (ज्यू धर्मपंडित) नाखमनिदेस आणि ख्रिस्ती झालेला पाब्लो ख्रिस्तियानी यांचा जाहीर वाद होता. वाद संपल्यावर राजा सिनॅगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) आला आणि तिथे विषय त्रैक्यावर गेला. नाखमनिदेसच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार धर्मगुरू रामोन दे पेन्याफोर्त म्हणाले, त्रैक्य म्हणजे देवाचं ज्ञान, इच्छा आणि सामर्थ्य. नाखमनिदेसने उत्तर दिलं : देव ज्ञानी आहे, इच्छा करणारा आहे, समर्थ आहे, हे मलाही मान्य. पण गुण मोजायचेच तर तो जिवंतही आहे, मग तीनवर का थांबायचं? तेव्हा राजाने वाइनचं उदाहरण पुढे केलं. रंग, चव आणि वास तीन, तरी वस्तू एक. नाखमनिदेस म्हणाला, रंग, चव, वास हे एकमेकांपासून वेगळे होऊ शकतात, आणि त्यांच्यापैकी एकही वाइन नव्हे. भांडं भरतं ती वाइन.

त्याच्या तीनशे वर्षं आधी, ९३३ मध्ये, बगदादमध्ये सादिया गाओन या ज्यू पंडिताने हाच मुद्दा तात्त्विक भाषेत मांडला होता. ख्रिस्ती विचारवंतांनी देवाचं असणं, जिवंतपण आणि ज्ञान या गुणांनाच वेगवेगळं अस्तित्व दिलं, असं त्याचं निदान. न्यायाने सांगायचं तर मुख्य प्रवाहातला ख्रिस्ती पंडित हे निदान मान्य करणार नाही. त्याच्या मते व्यक्ती म्हणजे गुण नव्हेत. पिता, पुत्र, आत्मा यांच्यातला फरक फक्त परस्परनात्याचा आहे.

प्रश्न : शमा प्रार्थनेतल्या ‘एखाद’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘अनेकांचं मिळून एक’ असा आहे, असं एका पुस्तिकेत वाचलं. खरं आहे का?

आधी शब्दाबद्दल : मराठी ‘एखादा’शी त्याचा काही संबंध नाही, उच्चार जुळतो इतकंच. अनुवाद ६:४ मध्ये ‘शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद’ असं वचन आहे. ऐक इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक.

पुस्तिकेतला युक्तिवाद जुना आहे. उत्पत्ती २:२४ मध्ये नवरा-बायको ‘एक देह’ होतात, गणना १३:२३ मध्ये द्राक्षांचा ‘एक घड’ येतो. दोन्हीकडे शब्द एखाद. म्हणून म्हणे हा संयुक्त एक, आणि निव्वळ एकासाठी ‘याखिद’ हा शब्द वेगळा. युक्तिवाद टिकत नाही. एखाद हा हिब्रूतला साधा आकडा आहे. एक मेंढा, एक दिवस, एक माणूस, सगळीकडे तोच. घडात पुष्कळ द्राक्षं असतात हे ‘घड’ या शब्दात आहे, ‘एक’मध्ये नाही. उपदेशक ४:८ मध्ये तर ‘एकटा आहे, त्याला दुसरा कोणी नाही’ अशा माणसासाठी हाच शब्द आलेला आहे. त्रैक्याच्या बाजूने देण्यासारखी भक्कम कारणं आहेत. त्यांत हे मोडत नाही.

याचा उलटा अतिरेकही नको. मूळ वचनाचा रोख तत्त्वज्ञानातल्या अखंडतेकडे होता की ‘आमचा देव फक्त हाच’ या निष्ठेकडे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अखंडतेचा अर्थ धारदार केला तो मायमोनिदेस या ज्यू तत्त्वज्ञाने, बाराव्या शतकात. त्याच्या तेरा तत्त्वांपैकी दुसरं सांगतं की देवाचं एकपण एका जातीतल्या एकासारखं नाही, अनेक भागांनी बनलेल्या एकासारखं नाही आणि तुकडे पाडता येतील अशा एका वस्तूसारखंही नाही. तिसरं सांगतं की त्याला शरीर नाही.

हा शब्द ज्यू जीवनात किती जपला जातो ते तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, हस्तलिखित गुंडाळीत दिसतं. या वचनातलं पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर, आयिन, आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर, दालेत, ही दोन अक्षरं लेखनिक मोठी काढतो. दोन मिळून ‘एद’ म्हणजे साक्षीदार असा शब्द होतो. दालेत मोठं काढण्याचं आणखी एक कारण सांगतात. दालेत आणि रेश ही अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात; वरच्या आडव्या रेघेचा उजवा कोपरा टोकदार असेल तर दालेत, गोलसर असेल तर रेश. कोपरा जरा वळला की ‘एखाद’चं ‘आखेर’ होतं, म्हणजे ‘एक’चा ‘दुसरा’ होतो. निर्गम ३४:१४ मध्ये ‘दुसऱ्या देवाला नमन करू नका’ या वचनातला रेश याच कारणाने मोठा काढतात, तिथे चुकून ‘एक देवाला नमन करू नका’ असं वाचलं जाऊ नये म्हणून. गुंडाळीत एक अक्षर बिघडलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनासाठी चालत नाही.

शमा रोज सकाळी आणि रात्री म्हणतात. पहिली ओळ म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकायचे आणि ‘एखाद’चा शेवटचा वर्ण लांबवायचा. तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ सांगतो की रोमनांनी छळ करून मारलं तेव्हा रब्बी अकिवाचा प्राण हाच शब्द लांबवत असताना गेला. अशा शब्दाचा अर्थ ‘अनेकांचं मिळून एक’ म्हणून सांगितला की ज्यू माणूस का दुखावतो, ते यावरून कळावं.

आणि हेही विसरू नये की मार्क १२:२९ मध्ये सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशू उत्तराची सुरुवात शमानेच करतो.

प्रश्न : उत्पत्ती १:२६ मध्ये देव ‘आपण मनुष्य करू’ असं अनेकवचनात का बोलतो?

ख्रिस्ती परंपरेने यात पिता पुत्राशी आणि आत्म्याशी बोलतो असं पाहिलं. ज्यू परंपरेत अकराव्या शतकातल्या राशी या भाष्यकाराचं भाष्य सर्वांत प्रसिद्ध आहे : देव देवदूतांशी सल्लामसलत करतो, मोठ्याने लहानाला विचारून घ्यावं हे शिकवण्यासाठी. पाखंड्यांना यात फट सापडेल हे राशीला ठाऊक होतं. म्हणून तो लगेच पुढच्या वचनाकडे बोट दाखवतो, जिथे ‘निर्माण केला’ हे क्रियापद एकवचनी आहे. हा तालमूदमधल्या रब्बी योहाननचा नियमच आहे : जिथे जिथे पाखंड्यांनी आधार शोधला, तिथे उत्तर शेजारीच आहे.

देवासाठीचा ‘एलोहीम’ हा शब्दही रूपाने अनेकवचनी आहे, पण इस्राएलच्या देवाबद्दल असताना त्याचं क्रियापद सहसा एकवचनात येतं. बायबलच्या पहिल्याच वाक्यात तसं आहे. आज बरेच ख्रिस्ती अभ्यासकसुद्धा १:२६ मध्ये स्वर्गातला दरबार वाचतात, त्रैक्य नव्हे. उत्पत्ती १८ मधल्या अब्राहामाच्या तीन पाहुण्यांचंही तसंच. पूर्वेकडच्या चर्चची चित्रकला त्यांच्यात त्रैक्य पाहते. तालमूद मात्र त्यांना मिखाएल, रफाएल आणि गब्रिएल म्हणतो. एकाने साराला मुलाची बातमी द्यायची, एकाने अब्राहामाची सुंतेची जखम बरी करायची, एकाने सदोम शहर उलथवायचं. तीनच का, तर एक देवदूत दोन कामं करत नाही!

प्रश्न : ज्यू धर्मग्रंथातही ‘देवाचा पुत्र’ हे शब्द आहेत. मग येशूलाच हरकत का? आणि देहधारण म्हणजे अवतारच ना?

शब्द आहेत, खरंच. निर्गम ४:२२ मध्ये अख्खं इस्राएल देवाचा ज्येष्ठ पुत्र आहे, स्तोत्र २ मध्ये राजा पुत्र आहे, ईयोबाच्या सुरुवातीला देवदूत ‘देवपुत्र’ आहेत. या सगळ्यांत पुत्र म्हणजे देवाने निवडलेला, जवळ केलेला. येशूला कोणी एवढ्याच अर्थाने पुत्र म्हटलं असतं तर भाषेवरून भांडण झालं नसतं. नायसियाचा पुत्र मात्र ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’, आणि हा जन्म काळाच्या आधीचा.

आमच्या मते खरी न ओलांडता येणारी भिंत त्रैक्याची नाही, देहधारणाची आहे. ज्यू परंपरेत देवाच्या प्रकटीकरणाला पुष्कळ जागा आहे. शखिना म्हणजे त्याचं सान्निध्य, रुआख हाकोदेश म्हणजे संदेष्ट्यांना स्फुरण देणारा आत्मा, अरामी भाषांतरांत येणारा मेम्रा म्हणजे शब्द. नीतिसूत्रे ८ मधलं ज्ञान तर सृष्टीच्या आधीपासून देवाजवळ आहे. योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली तेरा वचनं त्या काळातल्या बऱ्याच ज्यूंना परकी वाटली नसती. चौदावं वाटलं असतं : ‘शब्द देही झाला’. अनुवाद ४:१५ बजावतो की सीनायवर तुम्ही कोणतीही आकृती पाहिली नाही. होशेय ११:९ मध्ये देव म्हणतो, मी देव आहे, मनुष्य नव्हे. ख्रिस्ती वाचक यावर म्हणतो की तिथे रागाच्या भरात वागण्याबद्दल बोलणं आहे, देह धारण करण्याच्या अशक्यतेबद्दल नाही.

४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने येशूबद्दलचं सूत्र ठरवलं : एक व्यक्ती, दोन स्वभाव, दैवी आणि मानवी, ते मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, वेगळे होत नाहीत. चारही शब्द नकाराचे आहेत. नेमकं काय घडतं हे परिषदेने सांगितलंच नाही, काय घडत नाही एवढं सांगून कुंपण घातलं. कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियाक परंपरेतल्या चर्चना हेही मान्य झालं नाही.

ख्रिस्ती लोक यावर इतके ठाम का? नाझियान्झसच्या ग्रेगरीने कारण एका ओळीत दिलं : जे त्याने स्वीकारलं नाही ते बरं झालं नाही. तारणारा देव हवा आणि तारायचं ते माणूसपण त्याने पूर्ण घेतलेलं हवं. ज्यू विचारात ही गरजच निर्माण होत नाही. माणसाने चूक कबूल करावी, पश्चात्ताप करावा, नुकसान भरून द्यावं, वागणं बदलावं; देव थेट क्षमा करतो. ईश्वरकल्पनेतला फरक शेवटी माणसाला काय झालंय या निदानातल्या फरकाशी जोडलेला आहे.

‘अवतार’ हा शब्द मराठी वाचकाला सोपा पडतो, पण जपून वापरावा. ख्रिस्ती देहधारण एकदाच घडतं, पंतय पिलाताच्या काळात, आणि पुनरुत्थानानंतरही तो देह टाकून दिला जात नाही. येशूचा देह आणि वेदना हा नुसता भास होता, असं म्हणणाऱ्यांना चर्चने सुरुवातीलाच बाहेर काढलं.

प्रश्न : ज्यूंचा देव कठोर आणि ख्रिस्त्यांचा प्रेमळ, हा फरक तुम्ही का सांगत नाही?

कारण तो फरक नाही. जुना आणि नवा या दोन करारांचे दोन देव, एक न्यायी आणि एक दयाळू, असं शिकवणाऱ्या मार्सियनला रोमच्या चर्चने १४४ च्या सुमारास बहिष्कृत केलं. निर्गम ३४:६-७ मधून रब्बींनी दयेचे तेरा गुण मोजले आणि ज्यू सणांच्या प्रार्थनेत ते म्हटले जातात. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे लेवीय १९:१८ आहे. नव्या करारात नरकाचे उल्लेख कमी नाहीत. पुढे जाऊ.

प्रश्न : ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये आहे का?

नाही. लॅटिन ‘त्रिनितास’ इ. स. २०० च्या आसपास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात रुळला. नव्या करारात तिघांची नावं एकत्र येतात, उदाहरणार्थ मत्तय २८:१९ मधल्या बाप्तिस्म्याच्या आज्ञेत; तिथे ‘नाव’ हा शब्द एकवचनी आहे. पौल १ करिंथ ८:६ मध्ये शमाचेच शब्द उलगडून एक देव पिता आणि एक प्रभू येशू अशी जोडी करतो, आणि त्रैक्याच्या बाजूने आम्हाला सर्वांत वजनदार वाटतं ते हेच वचन.

१ योहान ५:७ मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे, आणि ते तिघे एक आहेत’ हे वाक्य मात्र वादात वापरू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नाही, टीका झाल्यावर १५२२ मध्ये घातलं आणि तिथून ते १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत गेलं. आजची बहुतेक भाषांतरं ते गाळतात किंवा तळटीपेत टाकतात.

त्रैक्य न मानणारे ख्रिस्तीही आहेत : युनिटेरियन, यहोवाचे साक्षीदार, पेंटेकॉस्टलांतला एक गट. १५५३ मध्ये मिगेल सेर्वेतला जिनिव्हात मुख्यतः याच नकारासाठी जाळलं.

प्रश्न : देवाच्या स्वरूपावर सगळ्या ज्यूंचं एकमत आहे का?

मुळीच नाही. देवाला शरीर आहे असं मानणाऱ्याला मायमोनिदेसने पाखंडी ठरवलं, तेव्हा प्रोव्हान्सचा रब्बी अब्राहाम बेन दावीद यानेच टीप लिहिली : अशाला पाखंडी का म्हणायचं? याच्याहून थोर माणसांनी वचनं वाचून तसं मानलं आहे. त्याला स्वतःला देव शरीरी वाटत होता असं नाही. भाबड्या श्रद्धेवर शिक्का मारणं त्याला मंजूर नव्हतं.

पुढे कब्बाला या ज्यू गूढवादी परंपरेने अनंत, अज्ञेय ‘एन सोफ’ आणि त्यातून प्रकटणाऱ्या दहा सेफिरोत, म्हणजे दैवी शक्ती, यांची मांडणी केली. चौदाव्या शतकातल्या रब्बी इसाक बार शेशेतने एकाचा टोमणा नोंदवून ठेवला आहे : ते तीन मानतात, हे दहा! कब्बालावादी अर्थातच म्हणतात की सेफिरोत म्हणजे देवाच्या आतल्या व्यक्ती नव्हेत आणि त्यांची उपासना होत नाही. पण हे उत्तर देताना त्यांना तशीच कसरत करावी लागते, जशी त्रिकोण काढणाऱ्याला.

प्रश्न : मग ज्यू धर्मशास्त्र ख्रिस्ती उपासनेला मूर्तिपूजा समजतं का? दोघांचा देव एकच की वेगळा?

ज्यू माणसाने ती उपासना केली तर ती परकी उपासना, म्हणजे मूर्तिपूजाच, यावर मतभेद नाही. ख्रिस्ती माणसाने केली तर काय, यावर आहे. मायमोनिदेसने ख्रिस्त्यांना मूर्तिपूजकांत धरलं, मुसलमानांना धरलं नाही. मात्र याच मायमोनिदेसने असंही लिहिलं की या दोन्ही धर्मांनी मसीहाच्या येण्यासाठी जगात वाट तयार केली.

दुसरा प्रवाह निघाला तो व्यापारातून. तालमूदचा नियम होता की मूर्तिपूजकाशी भागीदारी नको, कारण वाद झाला तर तो त्याच्या देवाची शपथ घेईल आणि तिला कारण तुम्ही व्हाल. मध्ययुगीन फ्रान्समध्ये ख्रिस्ती व्यापाऱ्यांशी व्यवहार रोजचाच. तोसाफोत या तालमूदवरच्या टीपा लिहिणाऱ्या भाष्यकारांनी मार्ग काढला : हे लोक शपथ संतांची घेतात, पण मनात आकाश-पृथ्वीचा निर्माताच असतो. देवाबरोबर दुसऱ्याचं नाव जोडणं, म्हणजे ‘शितुफ’, याला कारण होण्याची मनाई ज्यू नसलेल्या लोकांच्या बाबतीत लागू नाही. शपथेपुरता असलेला हा निर्णय पुढे अनेकांनी ताणून ‘ख्रिस्त्यांना त्रैक्य चालतं, ज्यूंना चालत नाही’ इथवर नेला. पेर्पिन्यांचा रब्बी मेइरी वेगळ्या वाटेने गेला : धर्माच्या नियमांनी बांधलेल्या समाजांना जुन्या मूर्तिपूजकांचे कायदे लावू नयेत. आजही अनेक सनातनी रब्बी ज्यूंना मशिदीत जायला हरकत घेत नाहीत, पण चर्चमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत; कारण हाच जुना भेद.

१० सप्टेंबर २००० रोजी अमेरिकेतल्या दीडशेहून अधिक रब्बी आणि ज्यू अभ्यासकांनी ‘दाब्रू एमेत’ हे निवेदन छापलं. त्यातलं पहिलं विधान : ज्यू आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात. ज्यू विद्वानांतूनच त्यावर टीका झाली, की मतभेद झाकून मैत्री होत नाही. आमचं मत विचाराल तर, दोघेही अब्राहामाच्या देवाकडेच बोट दाखवतात, म्हणून रोख एकच. त्याचं वर्णन करायला लागले की वाटा फुटतात, आणि ते वर्णन दोघांनाही गौण वाटत नाही.

प्रश्न : लिहिताना ‘यहोवा’ लिहावं, ‘याव्हे’ लिहावं की ‘परमेश्वर’?

हिब्रू बायबलमध्ये हे नाव योद, हे, वाव, हे या चार व्यंजनांत सुमारे ६,८०० वेळा येतं. जेरुसलेमचं मंदिर असताना प्रमुख याजक प्रायश्चित्ताच्या दिवशी ते उच्चारत असे. इ. स. ७० मध्ये मंदिर पडलं आणि उच्चारही थांबला. वाचताना ‘अदोनाय’ म्हणतात, एरवीच्या बोलण्यात नुसतं ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. वाचकाला आठवण राहावी म्हणून चार व्यंजनांवर ‘अदोनाय’चे स्वर लावले जात. ती खूण न ओळखता दोन्ही एकत्र वाचली आणि ‘यहोवा’ तयार झालं. ‘याव्हे’ ही अभ्यासकांची पुनर्रचना आहे. व्हॅटिकनने २००८ मध्ये कॅथलिक उपासनेत ते नाव उच्चारू नये असं कळवलं.

लेखात व्युत्पत्तीची चर्चा असेल तर ‘याव्हे’ चालेल; एरवी मराठी बायबलप्रमाणे ‘परमेश्वर’ लिहावं. समोरचा वाचक ज्यू असेल तर ‘यहोवा’ टाळावं. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. पंधरा म्हणजे दहा आणि पाच, योद आणि हे; पण ती देवाच्या नावाची पहिली दोन अक्षरं. म्हणून पंधरा हा नऊ अधिक सहा असा लिहितात आणि सोळा नऊ अधिक सात. नाव असलेला कागद फाटला तरी कचऱ्यात जात नाही, वेगळा ठेवून पुरला जातो.